हिरासिंगाच्या टपावरची होडी

तर ती बाई ताडपत्री नाकाशी नेते, दोनदा हुंगते आणि म्हणते, "अहो, याला फिनाइलचा वास कसा येतो?" काल आपण इथंच थांबलो होतो ना? तेवढ्यात तुमच्या आजीनं ताटं मांडली, तुम्ही पळालात, आणि हिरासिंग बिचारा ताडपत्री हातात धरून त्या फाटकातच उभा राहिला. आज त्याला तिथून सोडवू.

पण काल जे नव्हते त्यांना हिरासिंग कोण ते आधी सांगतो, नाहीतर अर्धी गंमत जाईल.

हिरासिंग म्हणजे दारव्ह्याच्या स्टँडवरचा काळी-पिवळीवाला. दिग्रसकडच्या एका तांड्यावरचा. अंगानं काटक, मिशा जाड, आणि तोंड सदा चालू. जीप चालवता चालवता मागं वळून बोलायचा, आणि मागच्या बाया ओरडायच्या, "हिरासिंगभाऊ, समोर पाहा नं, मारता का आमाले!" जीपच्या टपावर त्यानं पुसदहून लोखंडी कॅरियर घडवून आणलं होतं, आणि त्यावर सामान बांधण्यात त्याचा हात धरणारा सगळ्या तालुक्यात कोणी नव्हता. दोरी तो वापरायचाच नाही. फाटक्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून ठेवायचा, त्यानंच आवळायचा. एका लग्नात त्यानं नवरीचं आरशाचं कपाट टपावर उभं बांधून नेलं. तीन नाले, एक कच्चा रस्ता. गाडी थांबली तेव्हा नवरीच्या मामानं टपावर चढून त्याच आरशात भांग पाडला. असा माणूस.

मग ती वर्षं आली. कापसाची काय दशा झाली ते तुम्ही पुस्तकात वाचता. आम्ही ती टपावर पाहिली. अळी, मग फवारा, मग पुन्हा अळी, आणि मग माणूसच आडवा. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात चिरफाड झाली की पांढऱ्या कपड्यात गुंडाळून घरच्यांच्या ताब्यात देत, आणि घरचे फाटकाबाहेर येऊन गाडी शोधत. सीटवर तर कोणी घेतच नसे, टपावरही घेईना. हिरासिंगानं पहिली मयत नेली ती नाही म्हणता आलं नाही म्हणून. दुसरी नेली ती पहिल्याच्या घरच्यांनी त्याचं नाव सांगितलं म्हणून. पुढं पुढं तर लोक दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच विचारायचे, "तो टपावाला कोठी भेटते?"

डोक्याखाली एक चुंबळ, पायाखाली एक चुंबळ, वरून ताडपत्री, आणि ट्यूबच्या पट्ट्या. खड्ड्यात चाक गेलं तरी माणूस हलायचा नाही. गाडी परत आली की तो टप फिनाइलनं धुवायचा, ताडपत्री धुवायचा. वास काही जायचा नाही.

आणि जिते लोक त्याच्या गाडीतून उतरू लागले.

आधी बाळंतिणी बसेनात. मग लग्नाची माणसं. मग बाजाराच्या बाया. त्याचा नंबर लागला की लोक आपापली गाठोडी उचलून मागच्या जीपमध्ये जाऊन बसत. स्टँडवरचे ड्रायव्हर तर काय, त्यांना चघळायला पाहिजेच असतं. "हिरासिंग, तुहं बरं हाय बे, तुह्या पासिंजरले रिटर्न तिकीट लागत नाही." "काय हिरासिंग, आज टपावर सीट खाली हाय का? माहे सासरे बसतो मनतात." मीही त्यात होतो. मीच एकदा त्याच्या जीपच्या मागं खडूनं लिहिलं होतं, 'पुढच्या प्रवासासाठी हॉर्न द्या.' आठ दिवस त्याच्या लक्षातच आलं नाही. सगळा दारव्हा हसत होता!

शेवटी रामरावानं रांगेतून त्याचा नंबरच काढून टाकला. रामराव म्हणजे स्टँडवरचा जुना माणूस, गळ्यात शिट्टी, त्याच्या शिट्टीवर गाड्या सुटायच्या. हिरासिंग त्याच्या पाया पडायला गेला तेव्हा मी तिथं पान खात होतो.

रामराव म्हणाला, "हे पाह्य, घरात मयत झाली तर आपन सव्वा महिना पाळतो का नाही?"

"पाळतो जी."

"तुह्या गाडीचं सुतक फिटतच नाही बाबू. एकाचं फिटाच्या आंधी दुसरा चढते. लोकायनं कसं बसावं? तू सव्वा महिना, पुरे चाळीस दिवस, टपावर मयत चढवू नको. एकबी नाही. मग आपन गाडीची पूजा करू, नारळ फोडू, अन् मी सोता तुहा नंबर लावतो."

बघा, गाडीला सुतक! पण हिरासिंगाला ते पटलं. मला म्हणाला, "भाऊ, बरोबर हाय त्याईचं. मले दुसरं काही नाही पाह्यजे. मागून कोनी 'थांब नं बाप्पा, फाटा गेला' मनून वरडलं पाह्यजे बस. या गाडीत दोन सालापासून कोनी वरडलं नाही. माही बायको भुरी मनते तुमी झोपेत बोलता. झोपेत नाही बोलन तं काय करन? दिवसा कोन हाय बोलाले?"

आणि खरंच पाळलं त्यानं. सकाळी गाडी धुऊन स्टँडच्या कडेला लावायचा, उदबत्ती लावायचा आणि बोनेटवर बसून दिवस मोजायचा. दवाखान्यातून माणसं यायची, हात जोडायची. तो मान हलवायचा. बाराव्या दिवशी कोलवाडीची तानाबाई आली. तिचा नवरा दुसऱ्याच्या कपाशीवर मजुरीनं फवारत होता, फवारा पाठीवर घेऊनच पडला. ती रडत नव्हती, नुसती त्याच्या समोर उभी होती. हिरासिंग म्हणाला, "बाई, सव्वा महिना हाय. माहा इलाज नाही." ती वळली आणि गेली. नंतर कळलं, सरकीच्या पोत्यांचा एक मेटाडोर मिळाला, त्यानं पोत्यांवर टाकून फाट्यापर्यंत आणला, तिथून खाटेवर.

असे अडतीस दिवस गेले. उरले दोन.

आता चला फाटकाकडं.

मी त्या दिवशी यवतमाळला दातांची कवळी आणायला गेलो होतो. बाकी कोणी बसो न बसो, मी हिरासिंगाच्या गाडीत बसायचो. ऐसपैस जागा मिळते. त्याला निरोप आला होता की कोणी चारुदत्त साहेब आहेत, दिग्रसजवळच्या धरणावर असतात, घर यवतमाळला. त्यांच्या घरून एक लांब वस्तू धरणावर पोचवायची आहे, आणि ती अजिबात हलता कामा नये. साहेबांनी चौकात विचारलं, लांब सामान न हलवता कोण नेतो? आणि चौकातल्या झाडून सगळ्यांनी एकच नाव सांगितलं. का सांगितलं, ते साहेबांना कोणी सांगितलं नाही.

फाटकात साहेबांची बायको, शोभाताई. अंगणात ती वस्तू. लाल भडक, दोन्हीकडं टोकदार, मध्ये बसायला भोक.

हिरासिंग म्हणाला, "हे काय आहे जी?"

"कयाक आहे."

"हो जी, काय आहे तेच विचारून राह्यलो."

"अहो, तेच सांगते. कयाक."

हिरासिंगानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "होडी आहे रे." शोभाताई हसल्या. मुलगा श्रेयस, सतरा वर्षांचा, त्याला नाद. नागपूरहून मागवली. आता सुट्टीत धरणावर चालवणार. "एक ओरखडा आला तरी घर डोक्यावर घेईल," त्या म्हणाल्या. "तुम्हाला अशा लांब सामानाची सवय आहे ना?"

मी म्हणालो, "ताई, याच्या टपावरच्या मालानं आजपर्यंत तक्रार केलेली नाही."

हिरासिंगानं माझ्या पायावर पाय दिला. पण चेहरा बघायला पाहिजे होता त्याचा! खुलला होता. त्याला वाटत होतं, दोन दिवस आधी ही लालभडक होडी टपावर घेऊन बाजाराच्या दिवशी दारव्ह्याच्या मधून जायचं. लोकांनी बघावं, हिरासिंगाच्या टपावर काय आहे. पूजेच्या आधीच पूजा.

त्यानं ताडपत्री काढली, ताईंनी हुंगली, आणि वास कसला म्हणून विचारलं. तो म्हणाला, "गाडी स्वच्छ ठेवतो जी." आणि ताडपत्री घडी घालून सीटखाली सारली.

"मग कशात गुंडाळायची?" म्हणून ताई आत गेल्या आणि चार चादरी घेऊन आल्या. पांढऱ्या.

हिरासिंगानं एका चादरीचं टोक चिमटीत धरलं. मग हळूच म्हणाला, "ताई, रंगीत नाही का एखांदी?"

"रंगीत चांगल्या आहेत हो. ह्या जुन्या आहेत, खराब झाल्या तरी चालतील."

हिरासिंगानं माझ्याकडं पाहिलं, मी कवळी जिभेनं चाचपत होतो. त्यानं होडी चादरीत गुंडाळली. आता हाताला जी सवय असते ती असते. एका टोकाखाली चुंबळ, दुसऱ्या टोकाखाली चुंबळ, सात जागी पट्ट्या. खाली उतरून बघतो तर काय! मला तर हसूच आवरेना. मधला फुगीर भाग पोट, पुढचं टोक पाय. हिरासिंगही बघत राहिला. म्हणाला, "भाऊ, हे तं..." मी म्हणालो, "काही नाही रे, चल. होडी ती होडी."

पहिल्या गावाच्या पारावरची माणसं उठून उभी राहिली. टोप्या काढल्या. दुसऱ्या गावात एका म्हाताऱ्यानं सायकलवरून उतरून हात जोडले. हिरासिंग काच खाली करून ओरडला, "होडी हाय होडी!" म्हाताऱ्याला वाटलं तो 'हटा हटा' म्हणतो, तर सायकल घेऊन नालीत उतरला. मी पोट धरून हसत होतो. हिरासिंग घामाघूम. समोरून येणारा ट्रक कडेला थांबला आणि ड्रायव्हरनं गाणं बंद केलं. असा मान कोणाला मिळतो?

मध्ये एक चहाची टपरी आहे, तिथं गाडी तापली म्हणून थांबलो. हिरासिंग डबा घेऊन हातपंपावर गेला. टपरीवरची चार माणसं माझ्याभोवती आली. टपरीवाला हळू आवाजात म्हणाला, "कोन गेलं मामा?"

आता सांगा, असा प्रश्न कोणी विचारल्यावर माणसानं काय करावं? मी म्हणालो, "साहेबाच्या पोराचं आहे."

"अरेरे! धरनावरचे साहेब?"

"तेच."

"कशानं झालं?"

"पाण्याचा नाद," मी म्हणालो.

"केवढं होतं पोरगं?"

"सतराचं."

यात एक शब्द खोटा नव्हता, लक्षात घ्या. होडी साहेबाच्या पोराची, पोराला पाण्याचा नाद, पोरगं सतराचं. त्यांनी काय समजायचं ते समजले. टपरीवाल्यानं चहा घ्यायलाच लावला, वरून बिस्किटं. आम्ही निघालो तेव्हा तो रुपयाच्या लाल डब्यावरून कुठं तरी फोन लावत होता. मी आरशातून पाहिलं आणि मनात म्हटलं, आता दारव्ह्यात मजा येणार.

कोलवाडीच्या फाट्यावर एक बाई डोक्यावर पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, भारा घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी. जीप ओळखली तिनं. मान झटकून भारा सरळ जीपपुढं टाकला. हिरासिंगानं ब्रेक मारला. तानाबाई होती.

"उतर," ती म्हणाली.

तो उतरला.

"सव्वा महिना झाला का रे तुहा?"

"दोन दिवस हाय अजून, बाई."

"मग हा कोन?" तिनं टपाकडं हनुवटी केली. "चादरी पाहून तं साहेबाच्या घरचा दिसते. साहेब लोकायच्या मयतीचं सुतक नाही लागत वाटते गाडीले?"

"मयत नाही बाई. होडी हाय."

"काय?"

"होडी. पान्यात चालवाची."

तिनं दोन्ही बाजूंच्या शेतांकडं पाहिलं. पऱ्हाट्या वाळून उभ्या होत्या, दूरवर पाणी सोडा, हिरवं पानही नव्हतं. मी खिडकीतून सगळं बघत होतो. हिरासिंग बोनेटवर चढला, पुढच्या दोन पट्ट्या सोडल्या, चादर बाजूला केली. लाल टोक बाहेर आलं. तानाबाई टाचा उंचावून जवळ गेली आणि त्यावरून तळवा फिरवला. गुळगुळीत होतं ते, कपाटाच्या आरशासारखं.

"कायले लागते ही?"

"साहेबाच्या पोराले. खेळाले."

ती चुंबळीला हात लावून म्हणाली, "किती जपून ठेवली रे. मऊ चुंबळ दिली खाली." मग म्हणाली, "माहा मानूस पोत्यावर आला. तोंडाले सरकी चिपकली होती सगळी. मी बसून एक एक येचली."

हिरासिंग बोनेटवर तसाच उकिडवा.

"बांध," ती म्हणाली. "बांध नीट. ओरखडा पडन साहेबाच्या होडीले."

त्यानं चादर ओढली, पट्ट्या आवळल्या. खाली उतरून भारा उचलून तिच्या डोक्यावर द्यायला पुढं झाला, तशी ती एक पाऊल मागं सरली. "तू नको. मामा, तुमी द्या हात." मग मी उतरून भारा उचलून दिला. चांगला जड होता. ती वाटेला लागली, मागं वळून पाहिलं नाही.

पुढं दोन मैलांवर हिरासिंगानं गाडी हळू केली. मग एकदम म्हणाला, "भाऊ, मी चादरी काढूनच टाकतो. ओरखडा पडला तं पडला."

मी म्हणालो, "आता कशाला? दारव्हा आलाच. ताईंना शब्द दिला आहेस." खरं सांगू का? मला दारव्ह्याचा तमाशा बघायचा होता. चादरी निघाल्या असत्या तर काय उरलं असतं?

त्यानं माझं ऐकलं.

होडीचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, मागाहून राहून जाईल. ती त्याच दिवशी संध्याकाळी धरणावर पोचली, एक ओरखडा नाही. श्रेयसनं दोनदा पाण्यात घातली. दुसऱ्या वेळी गाळात रुतली, मग त्याची कॉलेजची ॲडमिशन पुण्याला झाली. पुढच्या उन्हाळ्यात मी गेलो होतो तेव्हा चौकीदाराच्या म्हशी त्यात पाणी पीत होत्या. लाल रंग छान टिकला होता.

तर दारव्हा. बाजाराचा दिवस, पण स्टँडवर सगळं थांबलेलं. गाड्या रांगेत, ड्रायव्हर खाली उतरलेले, बाया पदर डोक्यावर घेऊन एका बाजूला. टपरीवाल्याचा फोन पानठेल्यावर आला होता, पानठेल्यावरून सगळीकडं. साहेबांच्या खात्यातले एक बाबू, मधुसूदन नाव त्यांचं, ऑफिस सोडून झेंडूचा हार घेऊन आले होते, डोळे लाल. त्यांनी धरणावर फोन लावायचा पुष्कळ प्रयत्न केला होता म्हणे, पण तिकडची लाइन नेहमीसारखी बंद. त्या लाइनीनं आयुष्यात एवढं एकच चांगलं काम केलं.

जीप थांबली न थांबली, मधुसूदनबाबू बोनेटवर चढले. चांगल्या घरचा, पँटला इस्त्री असलेला माणूस, पण चढले. हिरासिंग ओरडतोय, "बाबूजी, नाही, नाही जी, ऐका!" त्यांनी हार घातला. हात जोडले आणि हुंदका दिला. त्याबरोबर मागं दोन बायांनी गळा काढला. तुमची शपथ, मला कवळी तोंडात धरवेना.

मग हिरासिंगाचं डोकं फिरलं. तो टपावर चढला, सातही पट्ट्या सोडल्या आणि चारी चादरी ओढून खाली फेकल्या. हार अर्धा तुटून होडीवर राहिला. लाल भडक होडी, वर झेंडू, शेजारी हिरासिंग उभा, छाती भात्यासारखी हलते आहे.

"होडी हाय!" तो ओरडला. "पाहा! होडी हाय!"

मधुसूदनबाबू बोनेटवर तसेच हात जोडून. मग मागून कोणीतरी म्हणालं, "अबे, वैतरणीची सोय केली की हिरासिंगानं!"

झालं! असं हसू दारव्ह्यानं पुन्हा ऐकलं नसेल. लोक रस्त्यात बसून हसले. "आतापरेंत घरापरेंत सोडत होता, आता नदीपारबी सोडते!" "हिरासिंग, माह्या आजीसाठी एक सीट ठेव, तिले पोहता येत नाही!" "यमाच्या घरी पूर आला का बे?" मधुसूदनबाबू खाली उतरले, चष्मा पुसला आणि हिरासिंगाला इतक्या जणांदेखत म्हणाले, "हलकट माणसा, मेलेल्यांची तरी थट्टा करू नको." आणि गेले.

हिरासिंग उतरून रामरावापाशी आला. गर्दी सरकली, वर्तुळ झालं.

"रामराव, तुमी सोता पाहा. पलास्टिक हाय. ठोकून पाहा."

रामरावानं काठीनं होडी ठोकली. टक टक वाजली.

"याच्यात जीव होता का कधी? मयत कुठी हाय? माहे अडतीस दिवस झाले. दोन राह्यले."

रामराव हसत नव्हता, हीच तर गंमत. अगदी पंच बसल्यासारखा म्हणाला, "जीव नाही याच्यात, बरोबर. पांढऱ्यात गुंडाळलं होतं. रस्त्यानं चार गावायनं हात जोडले. बाया रडल्या. हार पडला. आता तूच सांग हिरासिंग, मयत अजून कायले मनतात?"

"पन होडी..."

"मले दिसते होडी. पन ज्यायनं हात जोडले त्याईनं होडीले नाही जोडले. ज्या बाया गाडीत बसाच्या हायत त्याच तं रडल्या आता. त्या बसतीन का परवा?" त्यानं बायांच्या बाजूला पाहिलं. "काय वं, बसान का?"

बायांनी पदर तोंडात धरले. एक म्हणाली, "नाही मा."

मी सांगू शकलो असतो. चहाच्या टपरीवर कोण काय बोललं, चादरी कोणी काढू दिल्या नाहीत, चार शब्द बोललो असतो तर रामरावानं कदाचित ऐकलंही असतं. हिरासिंगानं गर्दीतून माझ्याकडं पाहिलंसुद्धा. मी काडी पेटवली आणि बिडी लावली. इतकी रंगलेली मैफल कोण मोडतो?

रामराव म्हणाला, "उद्यापासून पुन्हा सव्वा महिना. पहिल्या दिवसापासून. धरतो का?"

खाली पडलेल्या चादरी हिरासिंगानं गोळा केल्या, झटकल्या. सीटखालची ताडपत्री काढली, सगळ्यांसमोर उलगडली, होडीवर टाकली आणि एक एक करून सातही पट्ट्या आवळल्या. तुटलेला हार उचलून रामरावाच्या शिट्टीशेजारी, त्याच्या गळ्यात घातला. लोकांना वाटलं पाया पडतो आहे, म्हणून पुन्हा हसायला लागले. मग तो गाडीत बसला, चावी फिरवली आणि खिडकीतून मान बाहेर काढून सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणाला:

"नंबर तुमच्यापाशीच राहू द्या, रामराव. तुमच्यातल्या ज्याचा पह्यला लागन त्यानं फक्त सांगून पाठवा, मी गाडी घेऊन येतो."